पहिला घास दुसऱ्याचा

माझ्या जिभेला आता काही कळत नाही, असं घरचे म्हणतात. भाजीत मीठ नसलं तरी मी मुकाट्याने जेवतो आणि जास्त झालं तरी. खरं म्हणजे जिभेला सगळं कळतं, बोलायची इच्छा होत नाही एवढंच. बाहेर जेवायला जायची टूम निघाली की माझी पाठ दुखायला लागते. सुना आपसात हसतात आणि म्हाताऱ्याचा तिरसटपणा म्हणून सोडून देतात. जन्मात एकदाच मनासारखी खानावळ सापडली होती आणि ती मी आपल्याच हाताने घालवली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. एकट्या मायला ठाऊक होतं, आणि ती आता नाही.

चौऱ्याहत्तर साल असेल. मी वीस वर्षांचा होतो. मास्तरकीचं शिक्षण संपलं होतं आणि नोकरीच्या हुकमाची वाट पाहत मी घरी बसलो होतो. घरी बसलो होतो म्हणजे दिवसभर वाफ्यात वाकलेला होतो, कारण आमच्या घरात रिकामं बसलेला माणूस बाबांना बघवत नसे. आमचं गाव हमरस्त्यावरच्या जाम फाट्यापासून आत तीन कोसांवर. विहिरीखालच्या तुकड्यात आम्ही वांगी, कोबी, टमाटर, पालक, मुळे लावायचो आणि दर रविवारी माल हिंगणघाटच्या बाजारात न्यायचो. परतताना जामला उतरून आमच्या गावची गाडी धरावी लागे. ती गाडी कधीच वेळेवर आली नाही. दीड-दोन तास फाट्यावर बसून काढायचे. नागपूर-हैदराबादचे ट्रक आमच्या तोंडावर धूळ उडवत जायचे, आणि बाबा रिकाम्या टोपल्यावर बसून बिडी ओढायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. भांडण होतं म्हणून नाही. आमच्यात बोलायची रीतच नव्हती. पाणी आलं का, बैल बांधला का, टोपलं उचल, एवढ्यावर बाप-लेकांचं भागत असे.

एका रविवारी वारा उलटा फिरला आणि पंक्चरच्या दुकानामागून एक वास आला. मटण भाजल्याचा होता, पण आमच्याकडच्या मटणाचा नव्हता. आमच्याकडे मटण शिजतं. काळ्या मसाल्यात, वर तेलाचा तवंग आलेलं. हा वास कोळशाचा, लसणाचा, तिळाचा आणि जळत्या गुळाचा होता. बाबांनी बिडी विझवली आणि उठले. बाबा स्वतःहून कुठे निघाले हे मला नवल होतं. मी टोपली उचलून मागे मागे गेलो.

दुकानामागे टिनाचं छप्पर होतं. खाली चार बाजा, प्रत्येक बाजेच्या मधोमध आडवी फळी, फळीवर पत्र्यात ठेवलेली लोखंडी सिगडी आणि सिगडीवर तारेची जाळी. ट्रकवाले दोघं-दोघं समोरासमोर मांडी घालून बसले होते आणि आपलं मटण आपणच भाजत होते. मला आधी हसू आलं. माणूस खानावळीत जातो तो घरी शिजवायचा कंटाळा म्हणून. इथे तर चुलीपुढेच बसवलं होतं. मालक म्हणजे एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस. पायात फौजेतले बूट. सगळे त्याला फौजी म्हणत. त्याने आम्हाला पाहिलं आणि विचारलं, किती जण. दोघं म्हटल्यावर बाजेकडे बोट केलं. आमच्या आधी एक माणूस एकटाच आला होता, त्याला त्याने परत पाठवलं होतं. इथे एकट्याला मिळत नाही, हा त्याचा पहिला नियम.

मटणाचे पानासारखे पातळ काप त्याने थाळीत आणून दिले. कच्च्या पपईच्या चिकात मऊ केलेले, वर लसूण, तीळ, तिखट आणि कसलं तरी काळं पाणी. ते काळं पाणी म्हणजे करपवलेला गूळ, चिंच आणि मीठ, हे पुढे कळलं. सोबत मातीच्या बरणीतला आंबट-तिखट कोबी, आणि दुसऱ्या थाळीत नुसती हिरवी पानं. काप जाळीवर टाकायचा, दोन्हीकडून भाजायचा, पानावर ठेवायचा, वर थोडा कोबी, मग पान मिटवून पुडी करायची आणि तोंडात टाकायची. मी पहिली पुडी केली आणि तोंडाकडे नेली, तर फौजीने माझं मनगट धरलं.

"पहिला घास आपला नाई," तो म्हणाला. "समोरच्याचा."

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी सिगडीकडे. बापाला घास भरवायचा? आमच्याकडे घास लेकराला भरवतात, नाहीतर लग्नात नवरा-नवरीला, तेही आयाबायांनी आग्रह धरल्यावर. चाळीस-पंचेचाळिशीतल्या बाप्याने तोंड उघडायचं आणि वीस वर्षांच्या घोड्याने त्यात घास घालायचा, तोही चारचौघांत! शेजारच्या बाजेवरचे सरदारजी मिशीतल्या मिशीत हसत होते. फौजी हटेना. शेवटी बाबांनी पुढे वाकून तोंड उघडलं, डोळे मिटून, दात काढायला बसल्यासारखं. मग त्यांनी पुडी केली आणि माझ्यापुढे धरली. त्यांच्या बोटांना टमाटरच्या झाडाचा हिरवा वास होता. तो वास, लसूण आणि कोळसा, सगळं एकदम तोंडात आलं. इतकं चांगलं मी त्याआधी काही खाल्लं नव्हतं. नंतरही खाल्लं नाही.

बाबा बराच वेळ चावत राहिले. फौजी कौतुकाची वाट पाहत उभा होता.

"कोबी जून आहे," बाबा म्हणाले. "अन् हा मुळ्याचा पाला याच्यात चालत नाई. कडू लागते."

फौजीला राग येईल असं मला वाटलं. तो खाली बसला आणि म्हणाला, पानाचंच तर दुखणं आहे. पालक आचेने मऊ पडतो, कोबीचं पान मोडतं, मुळा कडू लागतो. तिकडे वेगळं पान होतं. तिकडे म्हणजे कुठे, असं बाबांनी विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, कोरियात. बाबांना कोरिया कलकत्त्याच्या अंगाला वाटला. तिथली लढाई थांबल्यावर कैद्यांवर पहारा द्यायला आपली एक फौज गेली होती आणि हा तिच्यात होता. त्या कैद्यांत एक म्हातारा आचारी होता. याची भाषा त्याला येत नव्हती आणि त्याची याला. कधी मटण मिळालं की तो म्हातारा तारेच्या तुकड्यावर ते भाजायचा.

"माह्या हातात बंदूक, अन् त्यानं पहिला घास माह्या तोंडात देल्ला," फौजी म्हणाला. "त्याले कोनी नव्हतं समोर. मीच होतो."

गाडी आली तेव्हा बाबा उठले आणि जाता जाता म्हणाले, पान मी आणून देईन.

आणि त्यांनी दिलं. फौजीने नागपूरहून कुठून तरी सालादचं, म्हणजे कच्च्या खायच्या विलायती पानाचं, बी मिळवलं. बाबांनी ते विहिरीजवळ केळीच्या सावलीत लावलं, दोनदा वाया गेलं, तिसऱ्यांदा साधलं. कोवळी, कुरकुरीत, तळहाताएवढी पानं. गावातले लोक वाफ्याशी उभे राहून विचारायचे, हा पाला काय बकऱ्यांसाठी लावला का. बाबा वाफ्यात पाणी वळवत राहायचे. उन्हाळ्यात ते पान टिकत नसे, तेव्हा कोबीची आतली पानं निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचे. सगळ्या मालापेक्षा त्या पानांना जास्त जपायचे. नाकापेक्षा मोती जड, असं माय म्हणायची.

माय माळकरी होती. माहेरूनच तुळशीची माळ घालून आलेली. तिने कधी मटणाला हात लावला नव्हता, आणि आमच्या घरात ते शिजलंच तर अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, पुरुषांनीच शिजवायचं अशी रीत. रविवारी आम्ही जामहून आलो की ती दारातच थांबवायची. हातपाय धुऊन भागत नसे. अंगणातल्या दगडावर बसून डोक्यावरून आंघोळ, मगच घरात पाय. थंडीत आम्ही दोघं कुडकुडत एकमेकांच्या अंगावर पाणी ओतायचो. बाबा म्हणायचे, हिच्या धाकाने थंडीही पळते. माय आतून ऐकायची आणि हसू दाबायची. वाईट काही खाल्लं म्हणून ती रागावत नसे. तिचं म्हणणं एवढंच की ते तुमचं आणि हे माझं, आणि दोन्हीच्या मधे पाणी पाहिजे.

पाच वर्षं असं चाललं. नोकरी लागेपर्यंत श्रावण सोडला तर रविवार चुकला नाही. मला हिंगणीकडच्या शाळेत नोकरी लागली, तरी मी पंधरा दिवसांनी शनिवारी घरी यायचो आणि रविवारी टोपली उचलायचो. त्या बाजेवर बाबा बोलायचे. घरी, शेतात, बाजारात गप्प असलेला माणूस सिगडीपुढे बसला की बोलायला लागायचा. लहानपणी ते बोरीच्या झाडावरून कसे पडले, आजोबांनी कसं झोडपलं, माझ्या आधी झालेलं एक लेकरू कसं गेलं. ते तर मला माहीतही नव्हतं. काप उलटवता उलटवता त्यांनी सांगितलं आणि पुडी करून माझ्यापुढे धरली. मला वाटतं, हाताला काम आणि नजरेला निखारा असला की त्यांना माझ्याकडे बघावं लागत नसे, म्हणून जमत असेल. माझा बाप मला त्या बाजेवर भेटला, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मटण चांगलं आहे एवढंच वाटायचं.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात मायला मुदतीचा ताप आला. गावात आठ दिवस काढे झाले आणि मग आम्ही तिला वर्ध्याच्या बाजूला मोठ्या दवाखान्यात नेलं. ताप उतरेना. ती ओळख देईनाशी झाली. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं आणि काही सांगितलं. बाबा बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले, त्यावरून मी समजलो. मी बाहेर कडूनिंबाखाली गेलो आणि गावच्या मातामायला नवस बोललो.

नवसाची आमच्याकडची रीत अशी, की माणूस वाचावं म्हणून आपल्याला सगळ्यात आवडणारं सोडायचं. कुणी वांगं सोडतं, कुणी गोड सोडतं. आणि नवस सांगायचा नाही. फुटला की त्यातलं बळ गेलं. मी आधी चहा सोडतो म्हणालो. लगेच मनात आलं, चहा काय तुझा जीव की प्राण आहे? देवीशी घासाघीस करतोस? मग मी मटण म्हणालो, आणि तेही पुरेसं वाटेना, कारण घरचं मटण मला एवढं आवडत नव्हतंच. खरं काय आवडतं ते मला माहीत होतं. जामचा घास सोडला, असं मी मोठ्याने म्हणालो. मायला वाचव, त्या सिगडीपुढे मी पुन्हा जेवायला बसणार नाही.

चौथ्या दिवशी ताप उतरला. औषधाने उतरला की कशाने, हे मी मास्तर असूनही कधी ठरवू शकलो नाही.

माय घरी आली, भिंतीला धरून चालायला लागली. तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भाकरी थापली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी पानांचं फडकं बांधलं आणि मला म्हणाले, "चाल. खूप दिवस झाले फौजीकडे गेलो नाई." त्यांचा चेहरा उजळला होता. मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. पुढच्या खेपेला म्हणालो, पोट बिघडलं आहे. त्याच्या पुढच्या खेपेला शाळेत काम काढलं आणि घरी आलोच नाही. खोटं बोलायची सवय नसली की माणूस किती वाईट खोटं बोलतो!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्यांच्यासोबत हिंगणघाटला गेलो. आता सारखं टाळणं मलाच जड झालं होतं. जामला उतरलो. बाबा पंक्चरच्या दुकानाकडे वळले आणि मी रस्त्यावरच थांबलो. त्यांनी मागे पाहिलं. माझी इस्त्रीची पँट, खिशातला पेन आणि नवे बूट यांच्यावरून त्यांची नजर हळूहळू फिरली.

"मास्तर झाला तू," ते म्हणाले. "ट्रकवाल्यायच्या बाजीवर बसाले बरं नाई वाटत असंन."

"तसं नाई, बाबा."

"मंग कसं?"

मायची तब्येत अजून पुरती सुधारली नव्हती. नवस फुटला आणि तिला पुन्हा ताप आला तर, एवढीच भीती माझ्या मनात होती. बाबा वाट पाहत उभे राहिले. एक ट्रक गेला, मग दुसरा. मग ते पानांचं फडकं घेऊन एकटेच आत गेले आणि लगेच बाहेर आले. त्यानंतर त्यांनी मला कधीच चल म्हटलं नाही.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो. त्यांचं बोलणं सगळंच खोटं नव्हतं. शाळेतला एखादा माणूस आपल्याला त्या बाजेवर बापाच्या हातून घास खाताना बघेल, असं नोकरी लागल्यावर एक-दोनदा माझ्या मनात येऊन गेलं होतं. नुसतं येऊन गेलं होतं. पण बाबांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या जागेवर, म्हणूनही मला बोलता आलं नाही. नवसाच्या आड मी काय काय लपवलं, हे मातामायलाच ठाऊक.

पाच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगा झाला. बाबा नातवाशी माझ्यापेक्षा जास्त बोलायचे. माझ्याशी पुन्हा पाणी आलं का आणि टोपलं उचल. सालादचा वाफा मात्र त्यांनी मोडला नाही. दर रविवारी पानं जामला जात राहिली आणि ते थोड्या उशिराने घरी येत राहिले. माय त्यांना दारात थांबवायची नाही. म्हणजे ते काही खाऊन येत नव्हते. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याचा अर्थ लावला नाही.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात, सकाळी पानं खुडताना त्यांच्या छातीत कळ आली. मी शाळेतून पोचलो तेव्हा त्यांना अंगणात घेतलं होतं. ओल्या फडक्यात पानं तशीच बांधलेली होती. मी रडलो, पण लोकांपुढे रडतात तेवढंच. तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी माय वाफ्याशी जाऊन आली आणि म्हणाली, पानं वाढून राह्यली, वाया काऊन घालवायची, जिथं जात होती तिथं नेऊन दे. हा तिचा जन्माचा स्वभाव. शिळ्या भाकरीचा तुकडाही तिने कधी टाकला नाही.

फौजी खूप म्हातारा झाला होता. त्याला बातमी कळली होती. त्याने फडकं माझ्या हातून घेतलं, उघडलं, पानं पाण्यात सोडली आणि मला आमच्या बाजेवर बसवलं. मी म्हणालो, जेवणार नाही. तो म्हणाला, जेवायला एकट्याला देतोच कोण?

मग त्याने सांगितलं. बाबा दर रविवारी पानं द्यायचे आणि या बाजेवर येऊन बसायचे. गाडीची वेळ होईपर्यंत. पाणी प्यायचे, बिडी ओढायचे. सिगडी पेटवू देत नव्हते.

"मी त्याले म्हनलं, भाऊ, नियम माहा आहे, मीच मोडतो. मी बसतो तुह्यासमोर. तर म्हने, नाई. माहा सोबती आहे. लाजते थोडा, पन येईन."

"किती दिवस?" मी विचारलं.

"परवापरवापर्यंत, मास्तर."

मी त्या फळीकडे बघत बसलो. गाडी आली आणि गेली. फौजीने मला हलवलं नाही. शेवटी अंधार पडायच्या आत एका ट्रकवाल्याने मला गावच्या वळणावर सोडलं.

घरी येऊन मी मायला नवस सांगितला. आता फुटला तर फुटला. ती चुलीपुढे बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माह्यासाठी सोडला होता?"

"हो."

"तर मले सांगाचं होतं. ज्याच्यासाठी सोडलं त्यानं आपल्या हातानं भरवलं का मंग नवस सुटते. एवढं माहीत नाई तुले?"

मला माहीत नव्हतं. नवस बोलायचा कसा हे पुरुषांना कळतं. तो सुटतो कसा हे बायकांजवळ असतं, आणि मी एकाही बाईला विचारलं नव्हतं. दोन पुस्तकं शिकलो आणि घरातच असलेल्या माणसाला विचारायची अक्कल आली नाही. मी कसाबसा म्हणालो, "पण माय, ते मटण. तू हात लावला असता?"

"लेकराच्या तोंडात घालाले मटन काय अन् भात काय?" ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तुहे बाबा मले इचारत. पोरगा माह्यावर काऊन रागावला, म्हनत. मी म्हनो, काम रायते त्याले."

त्यावर मी जो रडलो तो खरा रडलो. इतक्या वर्षांत माझ्या बापाला माझा राग आला नव्हता. मीच त्याच्यावर रागावलो आहे, असं समजून तो दर रविवारी माझी वाट पाहत होता.

पुढच्या रविवारी सकाळी मायने गळ्यातली माळ काढली आणि देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली. मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. वाफ्यातली उरलेली पानं तिने स्वतः खुडली. जामला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तोंडावर पदर ओढून ती ट्रकवाल्यांच्या मधून ताठ चालत गेली आणि मी दाखवलेल्या बाजेवर, बाबांच्या जागी बसली. त्या छपराखाली त्याआधी कधी बाईमाणूस बसलं असेल असं मला वाटत नाही. फौजीने न विचारता सिगडी आणली. शेजारच्या बाजेवरचे ट्रकवाले पाठ फिरवून बसले, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मायला काप उलटवता येईना. धुराने तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फौजीने हात पुढे केला तर तिने नको म्हटलं. तिने काप पानावर ठेवला, बोटांनी कोबी घातला, करंजीला मुरड घालावी तशी पान मुडपून पुडी केली आणि माझ्यापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "सुटला तुहा नवस."

मी घास घेतला. चव तीच होती, जराही बदलली नव्हती. ती बदलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग माझी पाळी होती. हात आपोआप चालले. काप, कोबी, पान. पुडी झाली आणि मी ती धरून बसलो. पहिला घास समोरच्याचा. समोर माय होती, जन्माची माळकरी, आणि ज्याचा घास होता तो नव्हता. फौजी थोड्या अंतरावर उभा होता, त्याने मान फिरवली. मी पुडी परत थाळीत ठेवायला लागलो.

मायने माझं मनगट धरलं. पदर थोडा मागे सारला आणि तोंड उघडलं.

तिने डोळे मिटून घास घेतला, सावकाश चावला आणि गिळला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "त्यायचा वाटा होता. वाया काऊन घालवाचा?"

आम्ही आणखी काही खाल्लं नाही. गाडी त्या दिवशी वेळेवर आली. घरी पोचलो तेव्हा उजेड होता. माय दारातच थांबली, आत गेली नाही. अंगणातल्या त्या दगडावर जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विहिरीवरून पाणी आणलं आणि तिच्या डोक्यावर ओतलं.